उनपदेवाचं पाणी

चुलीतला निखारा तानुबाईच्या डाव्या पावलावर पडला आणि कातडं जळाल्याचा वास आला, तेव्हा कुठं तिला कळलं. पावलावरचा फिकट चट्टा वर्षभरापासूनचा. बुलढाण्याच्या डॉक्टरनं तिथं सुई टोचून पाहिली आणि रोगाचं नाव तिचा नवरा कडूबा याला बाजूला नेऊन सांगितलं. आठवड्यात ते सगळ्या धामणगाव बढ्याला ठाऊक झालं.

सासू गोजरबाई एवढंच म्हणाली, "उनपदेवाच्या ऊन पाण्यानं बरी झाली त आण. नाही त या घरात नको. लेकरू आहे घरात."

तीन वर्षांची विमल ओसरीवर खेळत होती. तानुबाईनं तिला उचललं नाही. गाडीत जाऊन बसली.

चार दिवस बैलगाडी चालली. वऱ्हाड मागं पडलं, खानदेश लागला, तापी ओलांडली. तानुबाई भाकरी टाकायची, खायची, पडून राहायची. कधीतरी रडू येईल असं तिला वाटत होतं. आलं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, उनपदेवाच्या ठिकाणी, काळ्या खडकातून वाफाळतं पाणी दगडी गोमुखावाटे कुंडात पडत होतं. काठावर अंगभर चट्टे असलेले, बोटं झडलेले लोक बसलेले. कोणी कोणाकडं पाहत नव्हतं. तानुबाईनं दोन्ही पाय पाण्यात सोडले. उजवा चटकन वर आला. डावा तसाच राहिला.

"लागते का वं?" कडूबानं विचारलं.

"हाव. लय ऊन आहे."

त्याचा चेहरा खुलला. त्यानं तिच्या पावलाशेजारी हात घातला आणि "आई गं" करत मागं घेतला. मग तिच्या पायाकडं पाहिलं. घोट्याला धरून त्यानं तो बाहेर ओढला. लालबुंद झाला होता, फोड धरू लागला होता.

"काऊन खोटं बोलली?"

"मले घरी जायचं होतं." भाजीत मीठ नाही म्हणावं, तशी ती म्हणाली.

कडूबानं शेल्याची पट्टी फाडून पाय बांधला आणि बैल जुंपले.

परतताना गाव दिसायला लागलं तशी त्यानं गाडी घराकडं न नेता वावरात घातली. दुपारभर कपाशीच्या पऱ्हाट्या तोडून निंबाखाली कुडाची खोपडी उभी केली. आता हा आपल्याला इथं टाकून जाणार, हे तानुबाईनं धरूनच ठेवलं होतं. तो गाडीतून दोन वाकळा घेऊन आला.

"दोन कायले?"

"मंग मी कुठं झोपू?"

"आत्याबाई काय म्हणतीन?" तिनं सासूचं विचारलं.

"म्हणू दे. विमलले बांधावर आणत जाईन. दुरून पाहजो."

आपल्याला आता बरं वाटायला हवं, हे तिला समजत होतं. पण आत काहीच हललं नाही. तिनं गाडीतलं पिठाचं गाठोडं उतरवलं.

"भाकरी करू का?" तिनं विचारलं.

"कर," कडूबा म्हणाला, आणि चुलीसाठी तीन दगड शोधायला गेला.