कोल्हिणीच्या फोटोखालची ओळ

टाचणीचा गंज आता कागदावर उतरला होता, बारीक तपकिरी ठिपका, सुकलेल्या रक्तासारखा... आणि तो दिसला की उत्तर राहिलंय हे आठवे, आणि उत्तर आठवलं की म्हाताऱ्याच्या तोंडाला पाणी सुटे, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

पत्र दातांच्या डॉक्टरांचं. रविवारी टेकडीवर चालायला जाणाऱ्या मंडळाचे ते पुढारी. म्हाताऱ्याला पत्रं आवडतात म्हणून मुद्दाम हातानं लिहिलेलं, आणि टाचणीनं जोडलेला फोटो. मंडळाच्या कॅलेंडरवर तुमची कोल्हीण घेतोय, खाली तुमचं नाव आणि ‘आईची माया’ अशी ओळ. फक्त होकार कळवा.

फोटो सुरेख होता, हेच वाईट. उन्हाची तिरीप, ओलं गवत, कोल्हिणीच्या तोंडात मानेशी धरलेलं पिल्लू. दुसऱ्या बिळात नेतेय, असं कुणालाही वाटावं. त्यालाही वाटलं होतं, पहिल्यांदा बटण दाबेपर्यंत.

त्या रविवारी वाट वळते तिथे तो मागे राहिला होता, नेहमीसारखाच. सगळी उमर छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली म्हणून मंडळात त्याला ‘शुद्धलेखन’ म्हणत. काय शुद्धलेखन, मात्रा सांडली की काय वाटेत, असं कुणीतरी वळणापलीकडून ओरडलं, बाकीचे हसले, आणि त्या हसण्यातच त्याला दुसरा आवाज ऐकू आला... ओली काटकी मोडावी तसा. पिल्लू मेलेलं होतं. कधी, कशानं, कोण जाणे. तिनं ते खाली ठेवलं, पंजाखाली धरलं आणि पोटाकडून खायला लागली. सावकाश. मधेच थांबून चाटत होती, जिथे अजून खाल्लं नव्हतं तिथे, कानामागे, डोळ्यांवर. खाणं एक वेळ सोसलं असतं. हे चाटणं... वास आला, चहा घशाशी आला. आणि मी काय केलं? आड येणारी फांदी डाव्या हातानं हळूच बाजूला केली. नीट दिसावं म्हणून.

नंतरचे फोटो त्यानं कुणाला दाखवले नाहीत. पुसलेही नाहीत. दुपारी घर रिकामं झालं की कॅमेऱ्याचा तो एवढासा पडदा उजळून बघे, अंगावर शहारा येई, बंद करी, पुन्हा उजळी.

आज सकाळी मुलीनं उकडलेलं अंडं सोलून पुढे ठेवलं. त्याची ती ओली चकाकी पाहून त्यानं बशी सरकवली. हल्ली रोजचंच. डॉक्टरकाकांचा पुन्हा फोन आला होता, ती म्हणाली, एक ओळ लिहायला इतके दिवस लागतात का. तिनं फोटो ऑफिसभर दाखवला होता. लहानपणी, तुझे बाबा काय करतात असं विचारलं की ती म्हणायची, दुसऱ्यांच्या चुका शोधतात, आणि पोरं हसायची. आता तिला सांगायला काहीतरी मिळालं होतं.

“ती त्याला नेत नव्हती,” तो म्हणाला. “खात होती.”

मुलीचा हात मिठाच्या डबीवर थांबला.

“फोटोत कुठे दिसतंय?”

“नाही दिसत.”

“मग झालं तर. बाबा, जन्मात एकदा कुणी तुमचं नाव छापतंय. तिथेही चूक काढणार का?”

नाव छापून यावं असं त्यालाही वाटत होतं, अगदी ओशाळवाणं वाटावं इतकं. वाया कशाला, म्हणत तिनं ते अंडं स्वतःच खाल्लं. ओठाच्या कोपऱ्याला पिवळं लागलं होतं. दात दिसत होते. त्याला तिची किळस आली... माझ्या पोटच्या पोरीची. मग पर्स खांद्याला लावता लावता तिनं अंगठा जिभेला लावला आणि त्याच्या हनुवटीवरचा चहाचा डाग पुसला. तो दचकून मागे सरला. तिनं पाहिलं. पर्स सावरून निघून गेली.

हनुवटी बराच वेळ ओली वाटत राहिली.

मग तो उठला. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन नंतरचा एक फोटो छापून घेतला. काउंटरवरच्या बाईनं तो पालथा करून त्याच्या हातात दिला, काका, असलं कशाला काढता, म्हणाली. घरी येऊन त्यानं आधी सवयीनं पत्रातल्या ‘आईची माया’वर काट मारली. समासात काय लिहावं ते सुचेना. ‘भूक’ लिहिलं, खोडलं. तेही तितकंच खोटं वाटलं. ती चाटत होती ना? शेवटी लिहिलं: पहिल्यानंतरचा हा दुसरा. छापायचे तर दोन्ही शेजारी शेजारी छापा आणि खाली काही लिहू नका. नाहीतर माझं नाव काढा. पाकिटाच्या कडेवरून जीभ फिरवली. डिंकाची गोडसर, बुळबुळीत चव.

टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज बारीकसा आला. आता कॅलेंडर हातचं जाईल, संध्याकाळी मुलगी गप्प बसेल, मंडळात थट्टा होईल. तो तिथेच उभा राहिला. जीभ अजून टाळूला चिकटत होती. त्याला सकाळचं अंडं आठवलं, त्याची ओली चकाकी, तिच्या ओठावरचं पिवळं, आणि तो ओकारीची वाट पाहू लागला... आली नाही. भूक लागली होती. साधी, पोटातली भूक. त्या भुकेची किळस यावी म्हणून तो आणखी थोडा वेळ थांबला.