मागच्या बाजूचा बसलिंग

रुद्रप्पा चितारी गेला आणि मागं ठेवलं काय, तर पत्रांनी ठासून भरलेली पत्र्याची पेटी! देशमुखांची तसबिरीसाठी बोलावणी, पुण्याच्या रंगवाल्याची उत्तरं, सोयऱ्यांची ख्यालीखुशाली, सगळं एकात. भल्या माणसानं चिठोरं म्हणून टाकलं नाही. आता हैदराबादच्या कुण्या संग्रहानं ती पत्रं मागितली होती, न्यायला माणूस बीडहून निघालाही होता. म्हणून रुद्रप्पाचे थोरले भाऊ शंकरप्पा सिरसाळ्याहून पाटोद्याला आले, आपल्याजवळच्या किल्लीनं पेटी उघडली आणि ओसरीत एकेक पत्र वाचायला बसले. घरचं इकडं, कामाचं तिकडं.

दाराआड रुद्रप्पाच्या बायकोची, महादेवीची नुसती घालमेल. त्या पेटीत तिचा बसलिंग होता. लेकरू सिरसाळ्याला काकाकडं गेलं आणि पटकीनं तिथंच आटोपलं. ती खबर पत्रात वाचली तसं रुद्रप्पानं ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पोराचं तोंड काढलं. तेवढंच एक चित्र. सणासुदीला तो काढून तिला दाखवायचा. मरणाची खबर वाचली की फाडायची, घरात ठेवायची नाही, ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि शंकरप्पा तर रीतीचे असे पक्के, की मघाशीच मामाच्या मरणाचं पत्र त्यांनी टराटरा फाडलं होतं. मागची बाजू बघतंय कोण?

मधी पडावं, तर थोरल्या दिरापुढं तिनं जन्मात तोंड उघडलं नव्हतं. म्हणे मर्यादा! जळो ती मर्यादा. तिनं बांगड्या वाजवल्या, खाकरून पाहिलं.

"पाणी नगं," शंकरप्पा वर न बघता म्हणाले.

मग एक पिवळा कागद त्यांच्या हाती आला. अक्षर त्यांचंच होतं. "हे बी ठिवलं व्हय रुद्रानं!" म्हणत त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"भाऊजी, फाडू नगा! बसू हाय त्यात!"

शंकरप्पा दचकले, हात थांबले. पण फाट मधोमध गेलीच होती. त्यांनी कागद उलटला. पोराच्या कपाळापासून नाकापर्यंत चीर.

"माझ्या घरी गेलं लेकरू," ते कसंबसं म्हणाले, "आन् मला त्याचं तोंड सुदिक आठवत नव्हतं."

महादेवी पदर सावरत पुढं आली. "खळ शिजवते. पट्टी लावून चिकटवू."

"कोणत्या अंगानं?"

"लिहिलेल्या. ते झाकलं तर झाकू द्या."

शंकरप्पांनी आपलं अक्षर एकदा पाहिलं.

"झाकाच," ते म्हणाले.