जड उचलायचं नाही

"डाव्या कुशीवर वळा मामा, आणि तोंड बंद."

"तोंड बंद केलं तर हृदयही बंद पडेल हो माझं!"

इको काढणाऱ्या ताईनं त्यांच्या छातीवर गारेगार जेल थापलं, तसे मामा कळवळले. मामा म्हणजे या हॉस्पिटलात स्ट्रेचर ओढणारे. इकोच्या मशीनमध्ये काही नवीन आलं, की आधी मामांना आडवं करायचं, हा इथला जुना रिवाज. नव्या लोकांना 'निरोगी हृदय असं असतं' म्हणून दाखवायचं ते मामांचंच. त्याचा त्यांना कोण अभिमान!

आजही नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. हृदयाचा स्नायू जागोजागी किती जोरानं आक्रसतो ते दाखवणारं. जोर चांगला तिथं गडद लाल, कमी तिथं फिकट.

"आटपा लवकर. घरी हिला उचलायचंय," मामा म्हणाले.

बायकोच्या पायांतली शक्ती गेली होती. पलंगावरून न्हाणीघरात, न्हाणीघरातून खिडकीशी, तिचं सगळं मामांच्या दंडांवर चालायचं. दुसरं होतं कोण? मूल ना बाळ.

हृदयाचं पंपिंग नेहमीसारखंच खणखणीत आलं. ताई हसली. मग पडद्यावर रंगांचं वर्तुळ उमटलं आणि एका कडेचा लाल रंग पार विटलेला दिसला.

आपलाच हात हलला असेल, असं म्हणून तिनं पुन्हा काढलं. मामांना श्वास रोखायला लावून आणखी एकदा काढलं. तेच. मशीनला कुठली भीडभाड!

"मामा, मध्ये ताप आला होता ना?"

"आला होता की. व्हायरल. अर्धं हॉस्पिटल झोपलं होतं. गोळ्या गिळल्या अन् लागलो कामाला."

"नंतर धाप लागते?"

मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "हिला उचलताना लागते थोडी. म्हटलं, वय झालं."

ताईनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पडदा निरखला.

"पंपिंग चांगलं आहे मामा. पण तापानं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय, अशी शंका आहे. रक्त तपासू, एमआरआय करू. तोवर जड काही उचलायचं नाही."

"स्ट्रेचर नाही ओढत. पण घरचं..."

"घरचंही नाही. ठोके बिघडले तर जागच्या जागी कोसळाल."

"किती दिवस?"

"काही महिने तरी."

त्या गेल्या. ताईला स्वतःचाच राग आला. कशाला आडवं केलं यांना? पण केलं नसतं, तर एखाद्या सकाळी नवरा-बायको दोघंही जमिनीवर पडली असती.

मामांनी शर्टाची बटणं लावली आणि घरी फोन केला. खोली एवढीशी, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"निघालात का? कधीची ताटकळलेय. न्हाणीघरात जायचंय."

"शेजारच्या वहिनींना हाक मार ना."

"अहो, त्यांना कसं सांगू? लाज वाटते. तुम्ही या, थांबते मी."

मामांनी फोन खिशात घातला. जन्मात कुणाचा मिंधा न झालेला माणूस! त्यांना ताईकडे बघवेना.

"ताई, जरा घरी येता? कसं धरायचं ते दाखवतो. डावा खांदा दुखतो तिचा, तिकडून धरायचं नाही."

ताईनं मशीन बंद केलं आणि चपला शोधू लागली.