तिच्या बाजूची सीट

त्या पिकअपवाल्याला गल्लीत सगळे 'घाईघाई' म्हणायचे, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द त्याच्या बायकोने. लग्न झाल्यापासून हा माणूस दोन्ही चपला नीट पायात घालून घराबाहेर पडला असेल तर शपथ! एक चप्पल पायात, एक हातात, आणि गाडी चालू. धंदा फर्निचर पोचवायचा. कपाटं, पलंग, आरसे. पण माल मागे चढला की हाच माणूस असा जपून चालवायचा की कधी आरशाला तडा गेला नाही.

"आरशांचं नशीब थोर," बायको म्हणायची. "मला माहेराहून आणायचं असलं की मात्र विमान."

मग बायको आजारी पडली. दुखणं हाडांत उतरलं आणि दर आठवड्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायची वेळ आली. त्या रस्त्याबद्दल काय बोलावं! ज्याने तो केला त्याला रोज त्यावरून फिरवायला हवं होतं, दुसरी शिक्षा नको. खड्डे संपले की स्पीडब्रेकर, स्पीडब्रेकर संपले की पुन्हा खड्डे. ती बाजूच्या सीटवर ओठ दाबून बसायची. चकार शब्द काढायची नाही. पण गाडी आदळली की तिचा श्वास मध्येच अडकायचा, तेवढा त्याला ऐकू यायचा. तेवढाही त्याला सहन होत नव्हता.

म्हणून एक दिवस तिला न सांगता तो गाडी सजवणाऱ्या दुकानात गेला. दुकानदार डोक्यावर गॉगल चढवून बसला होता. त्याने पिकअपभोवती एक चक्कर मारली आणि चुकचुकला.

"काका, ही गाडी आहे की बैलगाडी?"

"बायको आजारी आहे," हा म्हणाला. "तिला धक्का लागता कामा नये. बाकी मला काही कळत नाही."

झालं! असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार सोडतो होय? मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे जुने पाटे काढून जाडजूड नवे पाटे घालायचे ठरले. उंच शॉकअप, डोंगरदऱ्यांत चालणाऱ्या गाड्यांना बसवतात तसले. गाडी चांगली वीतभर वर उचलली जाणार होती. मग म्हणे सायलेन्सर बदला, इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. रुंद तोंडाचा चकचकीत सायलेन्सर बसला. शेवटी गॉगलवाल्याने विचारलं, "काकूंना गाणी आवडतात का?"

"आवडतात तर! पूर्वी सारखी गुणगुणायची."

तिथेच गडी सापडला. दारांत स्पीकर आले आणि बाजूच्या सीटखाली खोक्याएवढा वूफर आला.

इतकी वर्षं पिकअप चालवलेल्या माणसाला साधी गोष्ट कळू नये? जाड पाटे भारासाठी असतात. मागे माल असला तर ते दबतात, नाहीतर दगडासारखे ताठ. रिकामी पिकअप उडते हे काय त्याला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच होतं, आजवर तिच्यासाठी कधी भारी काही घेतलं नाही, आता घ्यायचं. भारी ते चांगलंच असणार, असं तो धरून चालला.

गाडी घरी आणली तेव्हा ती दारातच उभी होती.

"अगं बाई! ही आपलीच का?"

"बस तर खरी."

गाडी उंच झाल्यामुळे तिला चढता येईना. त्याने घरातलं स्टूल आणलं, एक हात पाठीला लावला आणि तिला चढवली. चावी फिरवल्यावर सायलेन्सर असा गरजला की समोरच्यांचं तान्हं रडायला लागलं. ती हसली. "आता तुम्ही येताय हे मला दोन गल्ल्या आधी कळेल."

पहिला स्पीडब्रेकर आला. गेला. त्याने उत्सुकतेने तिच्याकडे पाहिलं.

"काही कळलं?"

तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "काय कळायचं?"

"स्पीडब्रेकर गेला आत्ता!"

"गेलासुद्धा?" ती म्हणाली. "अहो, पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय."

त्याची छाती अशी फुगली की विचारू नका. त्यालाही धक्के जाणवत होते, नाही असं नाही. पण हातात स्टिअरिंग असतं, खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. शिवाय गॉगलवाल्याने सांगितलं होतं की नवं काम बसायला वेळ लागतो. आणि जिच्यासाठी केलं तीच पाळणा म्हणतेय, मग आणखी काय हवं? पुढे दर आठवड्याला हाच खेळ. ब्रेकर आला की हा विचारणार, "काही कळलं?" आणि ती म्हणणार, "गेलासुद्धा?" गाणी लावली की थोड्या वेळाने म्हणायची, "जरा हळू करता? तुमच्याशी बोलता येत नाही." तेव्हाही याला कौतुकच वाटायचं. फर्निचरच्या दुकानात तर त्याने हमालांचे कान किटवले. माझी बायको म्हणते पाळणा, माझी बायको म्हणते पाळणा!

मग तिचं दुखणं वाढलं आणि तिला हॉस्पिटलातच ठेवून घेतलं. तिचा धाकटा भाऊ गावाहून आला. दोघे रात्रभर तिच्याजवळ बसले, आणि दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला घरी निघाले तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, द्या चावी इकडे. डोळे बघा तुमचे. बसा बाजूला, मी चालवतो."

बाजूला! इतक्या वर्षांत तो आपल्या गाडीत बाजूच्या सीटवर कधी बसलाच नव्हता. बसला. मेहुण्याने गाडी काढली, हळूच काढली, आणि पहिलाच ब्रेकर आला.

खालून कुणीतरी लाथ घालावी तसा दणका बसला. मणक्यातून वर डोक्यापर्यंत गेला. पाठोपाठ वूफरचं खोकं पोटऱ्यांवर आदळलं. सायलेन्सरचं तोंड त्याच बाजूला, तो कानाशी भुंकत होता. धरायला काही नव्हतं म्हणून त्याचा हात आपसूक सीटच्या कडेला खाली गेला, आणि बोटं आत शिरली.

तिथे कव्हर फाटलेलं होतं. आतला फोम उकरला गेला होता. चार बोटं नेमकी मावतील एवढं भोक, आणि ते त्याच्या बोटांना घट्ट होतं, कारण ते तिच्या बोटांनी पडलेलं होतं.

"थांबव," तो म्हणाला.

"काय झालं, दाजी?"

"मागे घे. त्याच ब्रेकरवरून परत घे."

मेहुण्याला काही समजेना, पण त्याने ऐकलं. गाडी पुन्हा आदळली. "अजून एकदा," हा म्हणाला. तिसऱ्यांदा दणका बसला तेव्हा त्याने त्या भोकातली बोटं आवळली आणि तो धाय मोकलून रडायला लागला. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी, मागे हॉर्नवर हॉर्न, आणि हा आपला एकच धोशा लावून, "पाळणा म्हणायची रे! मी दर वेळी विचारायचो, आणि ती पाळणा म्हणायची!"

मेहुणा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. सख्खी बहीण होती त्याची. लहानपणीही दात पडला तरी रडायची नाही, एवढंच तो म्हणाला.

जुने पाटे, शॉकअप, सायलेन्सर सगळं घरामागे पत्र्याखाली पडलं होतं. भंगारात द्यायचं राहून गेलं होतं, तेवढा एक आळस कामी आला. कपडे हॉस्पिटलात पोचवले आणि दोघे जुन्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. जुने पाटे आणि शॉकअप चढले, गाडी खाली आली, जुना सायलेन्सर बसला, वूफर निघाला. मग याने एका बांधकामावरून रेतीची पोती आणली आणि मागच्या चाकांच्या वर नीट मांडली. मेहुण्याला चालवायला लावलं आणि स्वतः तिच्या सीटवर बसला, डोळे मिटून. ती मिटायची म्हणून. एक पोतं वाढव, आता पुढे सरकव, आता काढ. आरशांसाठी ज्या माणसाने आयुष्यभर जीव टाकला, त्याने त्या दिवशी पहिल्यांदा तोच जीव या सीटसाठी टाकला. उशिरा सुचलं, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं.

गाडी जमली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं.

"आता घरी न्या," ते म्हणाले. "पुन्हा आणायची गरज नाही."

त्याचा अर्थ त्याला समजला. तो मान हलवत राहिला, नको तितका वेळ. आत येऊन ॲम्ब्युलन्स देतो म्हणाले, तर ती कॉटवरूनच म्हणाली, "कशाला? आपली गाडी आहे ना."

खाली आल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. "स्टूल कुठंय?"

"आता लागत नाही."

तिने गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. आणि बसली. मेहुणा कपड्यांची पिशवी घेऊन मागे रेतीच्या पोत्यावर बसला. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज इतका कमी होता की तिने विचारलं, "बंद पडली का?"

"चालू आहे."

त्याने आज काही विचारलं नाही. ब्रेकर आला, त्याने वेग इतका कमी केला की पायी चालणारा माणूस पुढे निघून गेला. पुढची चाकं गेली, मागची गेली. जरा वेळाने तिनेच विचारलं, "अहो, इथला तो मोठा ब्रेकर अजून यायचाय का?"

"गेला."

"गेलासुद्धा?" ती म्हणाली, आणि या वेळी तिने ते खरंच विचारलं होतं.

त्याला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला. बाहीने डोळे पुसून तो म्हणाला, "तुझ्या बाजूची सीट खालून कुरतडलीय कुणीतरी."

ती खिडकीबाहेर पाहत होती. "उंदीर असेल," ती म्हणाली.

"असेल."

"पोसलाय चांगला. भोक केवढं पाडलंय!"

दोघेही हसले. थोड्या वेळाने त्याने पाहिलं, तर तिची मान दाराकडे कलली होती आणि ती झोपली होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर, आजारपण आल्यापासून पहिल्यांदा. तिचा हात मांडीवर पडला होता, उताणा, बोटं सैल. घराचं वळण आलं. मागून मेहुण्याने काचेवर टकटक केली. 'घाईघाई'ने वळण घेतलं नाही. पेट्रोल संपत येईपर्यंत तो तिला त्याच चार रस्त्यांवरून हळूहळू फिरवत राहिला.

पुढचा आठवडा ती घरीच होती. मग गेली.

आता तो पुन्हा फर्निचर पोचवतो. गॅरेजवाला म्हणाला, सीट भरून नवं कव्हर घालून देतो, तर हा अंगावर धावून गेला. माल भरायच्या आधी रेतीची पोती तो दुकानाच्या आडोशाला उतरवून ठेवतो आणि माल पोचवून आला की एकेक करून पुन्हा गाडीत चढवतो. हमालांना आधी गंमत वाटली.

"काका, रिकाम्या गाडीनेच तर घरी जायचंय. ही रेती कशाला वाहता?"

"रिकामी गाडी फार उडते रे."

"तुम्हाला कधीपासून धक्के लागायला लागले?"

"मला कुठे लागतात," तो म्हणाला, आणि शेवटचं पोतं नीट सरकवलं.

मग तो दोन्ही चपला घालून गाडीत बसतो आणि सावकाश निघतो. मोठा ब्रेकर आला की पायी चालणाऱ्या माणसांना पुढे जाऊ देतो. चारही चाकं पार झाली की बाजूला न बघता हळूच सांगतो, "गेला गं."