चौथा चष्मा

शनिवारी आम्ही चौथ्यांदा चष्म्याच्या दुकानात गेलो. आईची तक्रार आठ महिने तीच होती: ओळ वाचताना मधलं अक्षर पुसल्यासारखं दिसतं, आजूबाजूची मात्र ठणठणीत.

"आता माझी एक खुर्चीच ठेवून द्या इथे," ती दारातूनच म्हणाली.

"ठेवतो की," चष्मेवाले म्हणाले. "पण बाई, तीन नंबर काढले, तिन्ही तुम्ही परत आणले. मुलीचं लग्न जमवणं सोपं असेल."

"ते तरी कुठे जमलं?" आई माझ्याकडे बघून म्हणाली.

चौतीस वर्षं ती छापखान्यात प्रूफं तपासत होती. तिथे तिला 'चाळणी' म्हणायचे, कारण तिच्या हातून खडा सुटत नसे. चाळणीला भोकंच असतात म्हणावं, असं ती म्हणायची, पण नाव तिला आवडायचं. निवृत्तीनंतरही छापखाना घरी काम पाठवत होता. माझं वाचनालय छापखान्याच्या गल्लीतच, त्यामुळे गठ्ठे न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे.

चष्मेवाल्यांनी तिच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवली, भिंगं घातली-काढली. "आधीचं बरं, की हे?"

"दोन्ही सारखीच वाईट."

मग त्यांनी जवळचं वाचायचं कार्ड हातात दिलं. मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा मजकूर, शेवटची ओळ मुंगीएवढी. आईने घडाघडा वाचून टाकला, शेवटच्या ओळीसकट, आणि वर म्हणाली, "तिसऱ्या ओळीतला स्वल्पविराम नको आहे. मागच्या वेळीच सांगितलं होतं."

चष्मेवाले हसले. "या कार्डाला तुमच्याइतकं कुणी छळलं नाही."

मी तिच्या शेजारी बसले होते. तिचे डोळे ओळींवरून सरकत नव्हते. ती फसवत होती असं मला वाटत नाही. एकदा तपासलेला मजकूर तिच्या डोक्यातून जातच नसे. तिला आठवत होतं आणि तिला वाटत होतं की दिसतंय.

चष्मेवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पेन थांबवलं. "एक खरं सांगा. कामात काही चुका सुटतायत का? तसं असेल तर हे माझ्या भिंगांचं काम नाही. मग डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी करायला इस्पितळात पाठवतो. वेळेत गेलं तर उपचार असतात."

"एकही नाही," आई म्हणाली. "छापखान्यात विचारा. नाहीतर हिला विचारा, हीच नेऊन देते."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

उन्हाळ्यात एकदा मी गठ्ठा पोचवायला निघाले होते. वाचनालय उघडायला वेळ होता, म्हणून पायरीवर बसून सहज वरचं पान पाहिलं. औषधांची माहितीपुस्तिका होती. रोज १ गोळी घ्यावी, याऐवजी ९ छापलं होतं आणि आईची लाल खूण तिथे नव्हती. मी दुकानातून तसलंच लाल पेन आणलं आणि तिच्या वळणाने खूण केली. मग पुढचं पान पाहिलं. त्यानंतर मी रोज पाऊण तास लवकर निघू लागले. सुरुवातीला पानामागे एखादी चूक सापडायची, पुढे चार, पाच. मलाही ते नीट जमत नव्हतं. "तू गोष्ट वाचतेस," आई मला लहानपणापासून म्हणायची, "मी अक्षरं वाचते." म्हणून मी प्रत्येक पान तीनदा वाचायचे. छापखान्यातून निरोप यायचा: बाईंचं काम अजून पूर्वीसारखंच. मी तो घरी जसाच्या तसा सांगायचे आणि ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची.

"नाही," मी चष्मेवाल्यांना म्हणाले. "काही सुटत नाही."

"मग डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. "भिंगाचा मध्य जरा हलवून बघू. दहा-बारा दिवसांत मिळेल."

घरी येताना तिने माझा दंड धरला होता. फुटपाथच्या कडेशी ती थांबली, पायाने उंची चाचपली आणि उतरली.

"खरंच काही सुटत नाही ना गं?"

"नाही गं आई."

"मग हा मेला चष्माच वाईट," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मोकळा झाला. संध्याकाळी तिने उशीचे अभ्रे बदलले, माझ्या वाटणीचं दूध माझ्यासमोर संपवायला लावलं. सोमवारच्या गठ्ठ्यातली वीस पानं तपासली.

रविवारी सकाळी ती चहाचं आधण ठेवताना कोसळली. डॉक्टर म्हणाले, हृदय. डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं.

ती वीस पानं मी छापखान्यात पोचवली. तपासून.

तीन आठवड्यांनी चष्म्याच्या दुकानातून फोन आला. मी गेले. चष्मेवाल्यांना कळलेलं नव्हतं. सांगितल्यावर ते बराच वेळ काउंटर पुसत राहिले. मग त्यांनी डबी माझ्यापुढे ठेवली.

"न्या तुम्ही. दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही तो."

मी चष्मा काढून पाहिला. काड्यांवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. जवळचं कार्ड तिथेच पडलं होतं. तिसऱ्या ओळीतल्या स्वल्पविरामावर कुणीतरी व्हाइटनरचा ठिपका लावला होता.

"बाईंनी सांगितलं होतं, म्हणून मीच लावला," ते म्हणाले. "एवढी बारीक नजर, आणि मला चार खेपांत एक चष्मा बसवता आला नाही. माझंच काहीतरी चुकत होतं. पण काम बिनचूक जातंय म्हटल्यावर मीही खोलात गेलो नाही."

त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. मी चष्मा मिटून डबीत ठेवला.

"तुमचं चुकलं नाही," मी म्हणाले. "काम बिनचूक जात नव्हतं. शेवटी शेवटी पानाला अकरा-बारा चुका सुटायच्या. तिला न सांगता मी दुरुस्त करायचे. तिला दिसत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं."