दरीतली गिधाडं

मुकाशकाकांच्या करड्या घोडीच्या खुराला सूज आली, तेव्हा मी पलीकडच्या कुरणांवर मेंढ्यांना लस टोचत होते. जनावरांची डॉक्टर अख्ख्या खोऱ्यात मी एकटीच. काकांनी आत-बाशी गावच्या बाजारातून डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं आणून स्वतःच रोज टोचली. घोडी चालू लागली, पण आतलं दुखणं तसंच होतं. आठवड्याभरात ती गेली. मेलेली जनावरं टाकतो त्या दरीत काकांनी तिला ओढून नेलं.

मी परतले तर काका वाटेतच उभे.

"जिपार, जरा चल. पक्षी कसेसेच वागतायत."

भर दुपारी दरीत वीसेक गिधाडं बसली होती. अगदी जवळ गेलो तरी एकही उडालं नाही. माना छातीवर लोंबत होत्या. एखादी सावकाश वर येई, आमच्याकडे बघे, पुन्हा खाली जाई. आवाज कसलाच नव्हता. मग कड्यावरचं एक गिधाड आपसूक कलंडलं आणि आमच्या पायाशी येऊन पडलं.

"कुणी विष घातलं का गं?"

"काका, घोडीला काय टोचलंत?"

त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. "तेच विष," मी म्हणाले.

"अगं, ते दुखण्याचं औषध. गुडघ्यांसाठी मीही त्याच्याच गोळ्या घेतो."

"कुठं इजा झाली की अंगात एक द्रव्य तयार होतं. त्यानं सूज येते, ठणकतं. हे औषध ते बनूच देत नाही. पण तेच द्रव्य पोटाचं अस्तर सांभाळतं, मूत्रपिंडांना रक्त पोचवतं. माणूस औषध पचवून बाहेर टाकतो. घोडीच्या मांसात उरलेलं थोडंसंही या गिधाडांना सोसत नाही, मूत्रपिंडं बंद पडतात."

"मग माझ्या गोळ्या?" काकांनी विचारलं.

"थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरला विचारून घेतलं तर ठीक," मी म्हणाले. "तुम्ही कसं घेता?"

"नुसत्या चहावर. रोज. दोन वर्षं झाली."

"शौचाला काळं होतं?"

त्यांनी नजर वळवली. "बातमा म्हणते, वय झालं."

"बातमाकाकूंना सांगा, वय काळं नसतं. गोळ्या आजपासून बंद, आणि आत्ताच दवाखान्यात चला."

"आधी घोडीला झाकू. आणखी गिधाडं येतील."

आम्ही घोडीवर दगड रचले. गिधाडं बघत होती.

काकांच्या जठरात रक्त झिरपणारा व्रण निघाला. महिन्याभरात ते सावरले. मी सुजेसाठी दुसरं औषध वापरू लागले, गिधाडांना न बाधणारं.

शरदात काकांची एक मेंढी दगावली. तिला औषधाचा थेंबही दिला नव्हता. ती दरीत पडून राहिली, कोल्ह्यांनी थोडी कुरतडली. वरून एकही गिधाड उतरलं नाही. काका रोज जाऊन आभाळाकडे बघत.