सांगायचं न्हाई म्हणलं होतं

तोंडाला ओठ असतात ते मिटण्यासाठी पण असतात, हे आमच्या विशाखाला कुणीतरी समजावून सांगा. मी सांगून थकले. पोरगी सात वर्षांची, पण एका उन्हाळ्यात तिनं माझी इज्जत जिंतूरपासून पाथरीपर्यंत अशी वाटली, जशा बारशाच्या घुगऱ्या वाटतात. त्या साली दिल्लीची आणीबाणी नुकतीच उठली होती आणि माणसं मोकळी बोलायला लागली होती म्हणतात. आमच्या घरात मात्र ती तेव्हाच बसवायची गरज होती.

नावं पण बघा पोरांची. माझा लेक लिंबाजी शाळेत मास्तर, त्यानं नावं पुस्तकातून शोधून काढली. पोरगी विशाखा, धाकटं पोरगं शुद्धोधन. विशाखाला मी इशाखा म्हणते. शुद्धोधनाला पूर्ण हाक मारेपर्यंत तो गल्ली ओलांडून जातो, म्हणून तो सुध्या. सुध्या चार वर्षांचा. बहीण बोलली की तिच्या बोलण्याचं शेपूट धरून मागं चालायचं, एवढंच त्याचं काम.

आता माझं दुखणं सांगते. माझी एकुलती लेक सत्यशीला पाथरीला दिलेली. लग्नात मी पंगतीला वरण वाढत होते, तर तिची सासू सरजाबाई भरल्या मांडवात बोलली, "वरणात मीठ कमी हाय." मी म्हणलं, "इहीनबाई, तुमच्या जिभेवर मूळचंच लय हाय, म्हणून बेतानं टाकलं." पंगत खोखो हसली. सरजाबाई अर्ध्या पानावरून उठली ती उठलीच. दोन वर्षं झाली, आमचं बोलणं बंद आणि लेकीचं माहेरी राहायला येणं बंद.

आता सत्यशीलाला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी सरजाबाईला शिकवायचं? पण तिनं निरोप धाडला होता, "इहीनबाईनी सोता पाथरीला यावं, मागणं घालावं, मग लेकीला न्यावं." मी उलट निरोप दिला, "माझे पाय रिकामे न्हाईत."

पाय रिकामे नव्हतेच. मी बाज नव्या सुंभानं विणून घेत होते. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होते. डिंकाचा डबा उतरंडीच्या मागं लपवला होता आणि सुनेला सांगितलं होतं, हात लावशील तर हात मोडीन. सगळी तयारी होती, फक्त बाळंतीण नव्हती. पण पाथरीचा उंबरा मी चढणार नव्हते म्हणजे नव्हते.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. लिंबाजी म्हणला, पोरांना नातेवाइकांकडं फिरवून आणतो. आधी जिंतूरला माझी धाकटी बहीण कडूबाई, मग पाथरीला आत्या. जायच्या आदल्या दिवशी मी दोघांना पुढ्यात बसवलं.

"कडूआजीचा चहा पाणचट असतोय. तोंड वाकडं करायचं न्हाई. गुमान पेयचा. कळलं?"

"कळलं," इशाखा म्हणली.

"आन पाथरीला आत्याची सासू हाय. तिच्यापुढं माझं काहीच सांगायचं न्हाई. आजी आत्यासाठी रडती, हे सांगायचं न्हाई. डिंकाचं सांगायचं न्हाई."

मी काही रडत नाही. चुलीचा धूर डोळ्यांत जातो. पण पोरांना फरक कळत नाही, म्हणून सांगून ठेवलेलं बरं.

"बिल्कुल न्हाई सांगत, आजी."

"न्हाई सांगत," सुध्या म्हणला.

गेले. घर असं शांत झालं की मला माझंच बोलणं ऐकू यायला लागलं. काही वाईट बोलत नाही मी.

परत आले ते एका दुपारी, ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. एसटी आमच्या गावात येत नाही, फाट्यावर सोडते. तिथून पायी यायचं. मी ओसरीवर डाळ निवडत बसले होते. पोरं काळी ठिक्कर होऊन आली. इशाखाच्या एका वेणीची फीत गायब. सुध्याच्या डोक्यावर कुणाची तरी मोठी टोपी, नाकापर्यंत आलेली. लिंबाजी मागून आला, माझ्याकडं बघितलं न बघितलं असं केलं आणि सरळ रांजणाकडं जाऊन पाय धुवायला लागला.

इशाखानं पिशवीतून एक पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. चहाची पत्ती.

"हे काय?"

"कडूआजीनं दिली. म्हणली, तुझ्या आजीला म्हणावं, आता तूच टाकत जा मूठमूठ."

मी पुडा हुंगून बघितला. "तिला पत्ती द्यायची बुद्धी का बरं झाली?"

"तिनं चहा दिला. मी पिले. ती म्हणली, अशी गप का गं? मी म्हणलं, चहा पाणचट असतोय पर तोंड वाकडं करायचं न्हाई म्हणून आजीनं सांगितलंय, म्हणून मी करायले न्हाई."

"करायले न्हाई," सुध्या टोपीच्या आतून बोलला.

"अगं माझे बाई, हे सांगायचं असतंय का?"

"तू चहाचं सांगायचं न्हाई, असं कुठं म्हणलीस? तोंड वाकडं करायचं न्हाई म्हणलीस. न्हाई केलं."

मी माझं बोलणं आठवून बघितलं. पोरगी खरं बोलत होती. मास्तराच्या पोटी वकील जन्माला आला होता.

"आन काय म्हणली कडू?"

"हसली. म्हणली, तुझ्या आजीच्या जिभेला साखर ठाऊक न्हाई, तिला सगळंच अगोड लागतंय."

आत सून भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला. ऐकायचं असलं की तिची भांडी आपोआप थांबतात.

जिंतूरचं जाऊ द्या. कडू माझी पाठची बहीण, तिचं माझं चालत राहील. माझा जीव पाथरीत अडकला होता. मी सुपातले खडे वेचत, बाजाराचा भाव विचारावा तसं विचारलं, "पाथरीला काय बोललीस?"

"पाथरीला काहीच न्हाई बोलले."

"शाब्बास."

"त्या आजीनं विचारलं, तुझी आजी काय म्हणती? मी म्हणलं, ते सांगायचं न्हाई."

"वा गं माझी वाघीण!"

"मग ती म्हणली, काय काय सांगायचं न्हाई?"

सूप माझ्या हातातच राहिलं.

"मग मी म्हणलं, आजी आत्यासाठी रडती, ते सांगायचं न्हाई. आन उतरंडीमागं डिंकाचा डबा हाय, त्याला आईनं हात लावला तर आजी हात मोडणार हाय, ते पण सांगायचं न्हाई. आन बाज नवी विणली ते तू म्हणलीच न्हाईस, म्हणून ते मी नीट सांगितलं."

"नीट सांगितलं," सुध्या म्हणला.

आत सून खोकायला लागली. तो खोकला नव्हता, मला चांगलं मालूम आहे. लिंबाजी अजून पाय धूत होता. मास्तराचे पाय इतक्या काळजीनं धुतलेले मी जन्मात बघितले नव्हते.

"मग?" मी म्हणलं. "मग ती हसली असंल. गल्लीत सांगत फिरली असंल."

"न्हाई. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग मला जवळ घेतलं आन म्हणली, पोरी, मी पण तुला एक सांगते, पर ते आजीला सांगायचं न्हाई."

आता माणसानं काय करावं? मी मोठी बाई. एका लेकराला दिलेला शब्द मोडायला लावू का?

"काय म्हणली?" मी म्हणलं.

"ती म्हणली, वरणात मीठ बरोबर व्हतं. पर मी नवऱ्या मुलाची आई व्हते, काहीतरी खोट काढाया पाहिजे का न्हाई? सगळ्याच काढत्यात. मग मीठ कमी म्हणले."

मी उठून उभी राहिले. सूप खाली, डाळ ओसरीभर.

"मीठ बरोबर व्हतं! ऐकलंस का गं?" मी आत बघून ओरडले. "मीठ बरोबर व्हतं! दोन वर्षं झाली, रोज वरण उतरवताना मी दोनदा चाखून बघायले. दोन वर्षं मला माझ्याच हाताचा भरवसा न्हाई! आन ती बया तिकडं..."

"आजी," इशाखानं माझा पदर ओढला. "अजून एक सांगायचं न्हाई हाय."

"ते पण तिचंच?"

"न्हाई. दादांचं. फाट्यावरचं."

पोरं बापाला दादा म्हणतात. रांजणाजवळचं पाणी पडायचं थांबलं.

"दादांनी वाटंत दोनदा सांगितलं, की आत्या आन ती आजी फाट्यावर लिंबाखाली बसल्यात, हे आजीला सांगायचं न्हाई."

दोनदा सांगितलं म्हणे. म्हणजे माझा लेक मला समजतो तेवढा भोळा नाही. जे मला स्वतः सांगायची त्याची छाती नव्हती, ते त्यानं बरोबर माणसाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं.

"लिंब्या!"

"माय, मी लय म्हणलं त्यांना, घरी चला," लिंबाजी ओल्या पायानं तिथंच उभा. "त्या म्हणल्या, पाथरीपासून इथवर मी आले, आता फाट्यापर्यंत इहीनबाईनी यावं. आल्या तर लेकीला ठेवते. न्हाई आल्या तर संध्याकाळच्या गाडीनं दोघी माघारी."

"आन तू सातव्या महिन्याच्या बहिणीला असल्या उन्हात बसवून आलास? शाळेत हेच शिकवतोस का?"

"माय, तुझ्यापुढं मी..."

मी पुढचं ऐकायला थांबले नाही. पाण्यानं भरलेला तांब्या घेतला, चपला घातल्या. इथं एक गोष्ट सगळ्यांनी नीट ध्यानात ठेवावी. मी इहिणीला आणायला चालले नव्हते. मी लेकीला पाणी पाजायला चालले होते. आता इहीण तिथंच बसली असेल तर त्याला माझा इलाज नाही.

इशाखा माझ्या मागं पळत आली आणि सुध्या तिच्या मागं.

फाट्यावरचं लिंबाचं झाड काही मोठं नाही. सावली एका माणसाची. त्या सावलीत सत्यशीला ट्रंकेला टेकून बसली होती, पाय लांब करून, चेहरा सुजलेला. आणि सरजाबाई सावलीच्या बाहेर, अख्ख्या उन्हात, पदरानं तिला वारा घालत होती. कपाळावरून घाम गळायला लागला होता, पण पदर लेकीच्याच तोंडापुढं हलत होता. माझ्या लेकीच्या.

वाटेनं मी जे जे बोलायचं म्हणून जुळवत आले होते, त्यातलं अर्धं तिथंच गळून पडलं. अर्धं राहिलं.

"जयभीम, इहीनबाई," मी म्हणलं.

"जयभीम. तुमी इकडं कुठं? आमी तर आपली गाडीची वाट बघायलोत."

"पाणी घेऊन आले. प्या. मीठ घातलेलं न्हाई त्यात."

सरजाबाईनं इशाखाकडं असं बघितलं, की पोरगी सुध्याच्या आड लपायला लागली. चार वर्षांच्या पोराच्या आड किती लपणार?

"सांगितलं का गं सगळं?" सरजाबाई म्हणली.

"न्हाई," इशाखा म्हणली. "काय काय सांगायचं न्हाई, एवढंच सांगितलं."

सत्यशीलाला हसू आवरेना. पोट धरून हसायला लागली. "माय, तुमी दोघी काय भांडायचं ते भांडा, पर घरी जाऊन सावलीत भांडा. माझे पाय बघा, भोपळे झालेत."

मी काही बोलणार, तेवढ्यात पालमकडून धुरळा उठला. गाडी. संध्याकाळची गाडी रोज उशिरा येते, त्या दिवशी तिला कुणी पळवलं कोण जाणे. गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं.

"परभणी, परभणी! कोण बसायलंय? चला, आटपा!"

सरजाबाईनं ट्रंकेच्या कडीला हात घातला, पण उचलली नाही. माझ्याकडं बघितलं. मी गाडीकडं बघितलं. सत्यशीलाचं हसणं बंद झालं. ती एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आलं ते मला बघवेना. तिथं चूल पण नव्हती, धूर म्हणायला.

"अहो बाई, बसणार का न्हाई?"

"न्हाई!" मी कंडक्टरला म्हणलं. "काढ तुझी गाडी. आमची इहीण अर्ध्या पानावरून उठलीय, तिचं जेवण राहिलंय. जेवल्याबिगर कशी जाईल?"

कंडक्टरला काय कळलं असेल ते असो, त्यानं घंटी ओढली. गाडी गेली. धुरळा आमच्या सगळ्यांच्या तोंडावर.

सरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "इहीनबाई, हे बोलावणं समजायचं का?"

"मी कंडक्टरला सांगायले. तुमाला ऐकू आलं असंल तर तुमचे कान."

"आलं बाई ऐकू. लय तिखट कान हायत माझे."

तिनं ट्रंक उचलली. मी दुसऱ्या बाजूची कडी धरली, कारण ट्रंकेत माझ्या लेकीचे कपडे होते. सत्यशीला मागून चालायला लागली, हळूहळू, एक हात माझ्या खांद्यावर, एक सासूच्या. कुणाच्या खांद्यावर जास्त भार होता ते मी विचारलं नाही. सरजाबाईनंही नाही.

थोडं पुढं गेल्यावर इशाखा जवळ आली. चेहरा उतरलेला.

"आजी, सांगायचं न्हाई म्हणलं ते मी समदं सांगितलं. चुकलं का माझं?"

तिघी पण थांबलो. सरजाबाई माझ्याकडं बघायला लागली, मी काय बोलते म्हणून. सुध्यानं टोपी वर सरकवली.

"चुकलं म्हणजे? लय चुकलं, इशाखा! आत्या तिकडं सातव्यात, आन तू आधी जिंतूरला उतरून चहा पीत बसलीस? येळ घालवलीस सगळी. पुढच्या खेपेला सरळ पाथरीची गाडी धरायची, आन मी जे जे सांगायचं न्हाई म्हणीन, ते उतरल्या उतरल्या दारातच सांगून मोकळं व्हायचं!"